बंदुकीची ओटी

आमच्या गल्लीत बंदूक आली ती ऑटोतून, आणि ऑटोवाल्याने हॉर्न दिला तो थेट वरातीसारखा. मांडीवर लांब खोका धरून बसलेले आमचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका, रुपराव. त्यांच्या बाजूला, जणू बंदूक त्याचीच, असा मान ताठ केलेला त्यांचा दोस्त धोंडबा.

रुपरावांनी तीस वर्षं नऊवारी लुगडी विणली. आधी हातमाग थांबला, मग पावरलूम. चौपन्नाव्या वर्षी त्यांनी बँकेच्या दारावर गार्ड व्हायचं ठरवलं. परवाना आला, दुनळी बंदूक आली. आता उरली होती शनिवारची चाचणी: साहेबांसमोर गोळीबाराच्या रेंजवर दोन्ही नळ्यांतून एकेक बार. जमलं तर सोमवारपासून वर्दी, नाही तर पुन्हा घरी.

शनिवारी सकाळी आठलाच धोंडबा हजर. तो स्वतः अकरा वर्षं नोकरी झालेला जुना गार्ड. त्याचा आवाज नाकातून निघतो, मिशीत अडकतो आणि मग मोठा होऊन बाहेर पडतो.

"चाल गा, ऑटो थांबून राहिला."

"पाह्यतो. मंग निघतो." रुपराव मागाच्या ठेक्यात बोलतात. दोन शब्द, खट. दोन शब्द, खट.

"दुकानदारानं पाहून देल्ली ना? काहून टाइमपास करून राहिला?"

"दुकान तिकडं जरीपटक्यात. मी इथं. मधात रस्ता हाये."

त्यांनी काडतुसं बाहेरच्या खोलीत ठेवली, बंदूक आतल्या. नळ्यांचं तोंड मागच्या भिंतीकडे. तिच्यापलीकडे कोणी नाही हे आधी जाऊन पाहून आले. बोट चापापासून लांब. बंदूक मधून मोडून उघडली. काडतुसांची दोन्ही घरं रिकामी. आधी डोळ्याने पाहिली, मग बोट घालून. बंदुकीवरचा नंबर परवान्याशी एकेक आकडा जुळवला. शेवटी मागच्या बाजूने नळीत पाहिलं. उजवी लख्ख. डावीत अंधार.

"ग्रीस असन," धोंडबा म्हणाला. "नवी बंदूक ग्रीसमधीच येते. पहिल्या बाराले सारं साफ. माह्या अकरा वर्साच्या सर्विसमधी—"

"बार किती काढले?"

धोंडबाने मिशी चाचपली. "काढाची वेळच नाही आली. आपला धाकच तसा हाये."

रुपरावांनी सुताचा दोरा घेतला, टोकाला छोटा नट बांधला आणि नळ्यांची तोंडं खाली करून मागून सोडला. उजव्या नळीतून सर्रकन पार. डावीत टक.

"ग्रीस टक करत नाही," रुपराव म्हणाले.

त्यांनी जुन्या मागाची पातळ काठी आणली आणि मागून हळूहळू रेटली. धोंडबाने श्वास धरला. दारातून पाहणाऱ्या आम्ही पोरांनी तर कधीचाच धरला होता. आधी कुंकवाने लाल झालेले तांदूळ सांडले. मग खट्कन फरशीवर पडलं चांगलं जाडजूड हळकुंड.

"अनुसया. इकडं ये वं."

मोठेबाबांच्या बायको, आमच्या मोठ्याई, झारा हातात घेऊनच आल्या. हळकुंड पाहिलं आणि लाजल्या.

"ओटी भरली मी तिची. नवा माग आला तवा भरली होती ना? मंग हे कोरडीच जाईन का घरातून?"

"नळीत?"

"पदर कुठं हाये तिले? सांडू नये म्हणून अंगठ्यानं दाबली."

रुपराव काठी पुसू लागले. मग हळूच म्हणाले, "बार काढला असता. नळी फाटली असती. हात गेला असता."

मोठ्याईंनी झारा खाली ठेवला. रुपरावांचा डावा हात, नळी धरायचा, उलटासुलटा करून पाहिला. मग मान फिरवून धोंडबाकडे बघितलं.

"मले काय मालूम? तुमच्याच बायकोनं सांगतलं, भाऊजी. तुमची बंदूक आली तवा तिनंबी अशीच भरली होती म्हणे."

धोंडबाने मिशी धरली. ती ऑटोतही सोडली नाही, रेंजवरही नाही.

रेंजवर जायच्या आधी रुपरावांनी दोन्ही नळ्या कापडाने पुसल्या, दोरा पुन्हा सोडला. तिथे गेल्यावर आधी डाव्या नळीचाच बार काढला. मग उजवीचा. साहेबांनी कागदावर सही केली आणि वर्दीचं माप विचारलं. घरी येईपर्यंत रुपरावांच्या तोंडी दोनच शब्द, "बत्तीस कंबर", तोही मागाच्या ठेक्यात, दर चौकाला एकदा.

संध्याकाळी दारात धोंडबा. बगलेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं. आवाज मिशीत गेला तो बाहेर यायलाच तयार नव्हता.

"रुपराव... थो दोरा देतं का गा? नट बांधलेला."

"बस ना. दोघं पाहू."

आतून मोठ्याई ओरडल्या, "दोऱ्यानं नाही भागाचं, काठीबी घ्या, भाऊजी. तिनं त सुपारीबी टाकली होती म्हणे."