अख्खा लाडू

लाडू पवनच्या दातांत अडकला होता. आत जात नव्हता, बाहेर येत नव्हता. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, मांडव माणसांनी भरलेला, नवरीचा हात तसाच वर, आणि फोटोवाला ओरडत होता, "नवरदेव, आणखी थोडं उघडा!" पवन माझा नातू. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ओठ ताणून पांढरे पडले, पण तोंड होतं तेवढंच राहिलं. मुलीचे मामा कौतुकाने म्हणाले, "पोरगा लाजाळू हाये." तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून यमुना उठली. मधोमध येऊन तिने लाडूचा बाहेरचा भाग मोडून काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लाजाळू कायचा? तोंडच उघडत नाही त्याचं. खर्रा खाते तो."

यमुना माझी शेजारीण. दोघींच्या घरांमध्ये एक भिंत होती, पण भांडण अडवायला ती कधी पुरली नाही. ती गेली त्याला आता दीड महिना होईल. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. तसं ठरवलं तर यमुनेबद्दल दोन ओळीच उरतील, म्हणून जसं होतं तसं लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे यापेक्षा गोड लिहिता येत नाही.

नेरहून येणारी एस.टी. आमच्या गावात पानठेल्यापाशी थांबते, आणि ठेल्याच्या समोर यमुनेचा ओटा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात तो. आमच्याकडे पाहुण्याला पाणी द्यायचं राहिलं तर चालतं, खर्रा विचारायचा राहिला तर तो रुसतो. पोरं मिसरूड फुटायच्या आधीच तो गालात धरायला शिकतात. यमुनेचा मुलगा दिगांबर पांढरकवड्याच्या बाजूला ट्रक चालवायचा. झोप येऊ नये म्हणून तो खर्रा खायचा, आणि घरी आल्यावर झोप येत नाही म्हणून पुन्हा खायचा. हळूहळू त्याचं तोंड मिटत गेलं. मग त्यात जखम झाली. शेवटी यमुना त्याला पेज पाजायची, तर चमचासुद्धा जाईना. लहान लेकराला औषध देतात तो चमचा तिने माझ्याकडून नेला होता... तो तिने परत दिला नाही, मी मागितला नाही. दिगांबरची तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर येऊन बसली आणि एस.टी.तून उतरलेल्या पहिल्या पोराला म्हणाली, "आ कर."

तेव्हापासून तिचा हाच धंदा. पोराने आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखवायची. गेली, तर घरी जा. नाही गेली, तर यमुना त्याच्या घरापर्यंत मागे जायची आणि सबंध गल्लीला सांगायची. एकदा एक पोरगा तिला उलटून बोलला, "बुढे, तू सोता गुडाखू घासते, अन् आम्हाले कायले शिकवून राह्यली?" खरं होतं ते. तंबाखूची ती काळी पेस्ट सकाळी दातांना लावल्याशिवाय तिचा दिवस उगवत नसे. तिने कमरेची डबी काढली आणि त्याच्यासमोर नालीत टाकली. म्हणाली, "आता कर आ." पुढचे कितीतरी दिवस तिचं डोकं दुखत होतं. त्या दिवसांत ती आधी कोंबड्यांशी भांडली, मग माझ्याशी, मग देवाशी. पण डबी पुन्हा घेतली नाही.

गावातली बरीच पोरं तिला घाबरून ओट्यासमोरून तोंड मिटून पळत. आमचा पवन हुशार. तो एक थांबा आधीच उतरायचा आणि वावरातून चालत घरी यायचा. मी सगळ्यांना सांगत होते, माझ्या नातवाला शेतीची भारी ओढ आहे.

साक्षगंधाचे लाडू मीच नेरच्या हलवायाकडून मोठे बांधून घेतले होते. मुलीकडचे महागावकडचे, त्यांनी आपल्याला कंजूस म्हणू नये म्हणून. आणि आमची रीत अशी, की नवरीने भरवलेला लाडू नवरदेवाने अख्खा घ्यायचा, उष्टा परत ठेवायचा नाही. चहा-पोह्यावर सोयरीक झाली तेव्हा कोणाला काही कळलं नव्हतं. पोहे काय, बारीक तोंडातूनही जातात. मांडवात आरडाओरडा सुरू झाला तेव्हा नवरी, प्रतीक्षा, हात पुसत म्हणाली, "मामा, थांबा ना. सोयरीक मोडून नका राहू. यांचं तोंड उघडलं की पुढचं पाहू. तोवर अंगठी माह्यापाशी राहू द्या."

परत येताना गाडीत मी यमुनेला म्हणाले, "एक दिवस गप बसली असती, तर काय गेलं असतं वं?"

"नातू गेला असता," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

यवतमाळच्या डॉक्टरने पवनचं तोंड पाहिलं. गालाच्या आतली कातडी आखडून दोरीसारखी झाली होती. आज सोडलं तर वाचशील, डॉक्टर म्हणाले, पुढचं मी सांगत नाही. मग आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून तोंड ताणायला शिकवलं. मी यमुनेशी बोलत नव्हते, पण त्याने तिचं काही अडलं नाही, दोघींचं बोलायचं काम तीच करायची. रोज सकाळी ती रव्याचा लाडू घेऊन यायची. आधी बोराएवढा, मग आवळ्याएवढा, मग लिंबाएवढा. तो मोडायचा नाही, अख्खा घ्यायचा. एकदा पवनच्या खिशात पन्नी सापडली. दुसऱ्या दिवशी लाडू पुन्हा बोराएवढा.

"आजी, मी मरतो, पण हा लाडू नको," पवन म्हणायचा. यमुनेच्या हाताला चव नव्हती, हे तिच्या नवऱ्यानेही जन्मभर सांगितलं.

"मर ना. पण तोंड उघडून मर," यमुना म्हणायची.

लग्न झालं. मांडवात लाडू भरवायच्या आधी प्रतीक्षाने पवनला हळूच विचारलं, "केवढा?" तो म्हणाला, "लिंबाएवढा." तेवढाच तिने भरवला. यमुना पहिल्या रांगेत बसून पाहत होती, कोर्टात बसल्यासारखी.

ती गेली ती ओट्यावरच, सकाळच्या उन्हात बसल्या बसल्या. अंत्यविधीला माणसं जमली, तशी रीतीप्रमाणे खर्र्याची पुडी फिरायला लागली. एक पोरगा गाल फुगवून आत आला, यमुनेकडे नजर गेली, आणि गोठ्यामागे जाऊन सगळं थुंकून आला. मी म्हणाले, "मेलेल्या बाईला काय दिसते रे?"

"काकू, तिचा भरवसा नाही."

पुडी तशीच खिशात परत गेली.

तिच्या घरातून मी लाडवांचा डबा तेवढा आणला. आत शेवटचे लाडू होते, साक्षगंधात नेले होते तेवढे मोठे. कोणासाठी बांधले ते सांगायची गरज नव्हती. तेरवीच्या दिवशी पवनने एक उचलला. तोंड अजून पूर्ण उघडत नाही त्याचं, कधी उघडणारही नाही म्हणतात. त्याने लाडू बोटाने थोडा ढकलला, डोळे मिटले... आणि अख्खा आत घेतला. प्रतीक्षा तांब्या धरून उभी होती. बराच वेळ चावून तो म्हणाला, "चव नाहीच."

डबा आता माझ्या फळीवर आहे. दिगांबर वाचला नाही. पवन वाचला.