थ्रिल्ड पोटात असतं

थ्रिल्डसर वर्गात ‘थ्रिल्ड’ म्हणाले की खालच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातले पेशंट दाढ विसरून जिन्यात येऊन उभे राहत. एकाची दाढ तर त्या आवाजानेच निघाली, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय आणि आता मलाही ते खरं वाटतं. तुकोगंजात राहत्या घरीच त्यांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास होता. पोलोग्राउंडच्या कारखान्यातून सुटलो की हाताच्या ग्रीससकट मी तिथे हजर.

सुरुवात ठरलेली. प्रत्येकाने उभं राहायचं, पोटावर हात ठेवायचा आणि आज कसं वाटतंय ते एका इंग्रजी विशेषणात सांगायचं. ‘फाइन’ला बंदी. “फाइन तो डॉक्टर को बोलो, भिया,” ते म्हणत, “इथे आत बघून बोलायचं.” त्यांच्या मते एक्सायटेड पायात असतं, पाय जमिनीवर ठरत नाहीत. डिलाइटेड गालात. थ्रिल्ड मात्र पोटात, जत्रेतला पाळणा वरून खाली येताना होतं तसं. जागा सापडली नाही तर शब्द परत घ्यायचा.

एकदा मी सकाळच्या पोहे-जिलेबीला एक्स्टॅटिक लावलं. सरांनी वर्गच थांबवला. “पोह्याला प्लीज्ड पुरे. शेव जास्त पडली तर डिलाइटेड. एक्स्टॅटिक मी आयुष्यात एकदा वापरलाय.”

कधी, ते काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं. “मी लग्नाला हो म्हटलं तेव्हा. मला काय अर्थ ठाऊक, मी घाबरून बाबांना हाक मारली.”

सगळ्यांचं झालं की काकूच आतून विचारत, “आणि तुम्ही?” मग सर पोटावर हात ठेवून जो शब्द सोडत, तो थेट रीगलच्या चौकापर्यंत ऐकू जाई. ट्रॅफिक पोलीस शिट्टी थांबवत, असं म्हणतात. म्हणजे, मीच म्हणतो.

काकू गेल्या. तेरावं झाल्यावर क्लास पुन्हा भरला. आम्ही आपापले शब्द सांगितले. आतून कुणी विचारेना, म्हणून मीच विचारलं, “आणि तुम्ही, सर?”

त्यांनी पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. “सापडत नाहीये,” ते म्हणाले. “चला, पान उघडा.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. एकजण म्हणाला, “सर, फाइन बोल दो ना, काय होतंय.” सर म्हणाले, “बंदी आहे ना.” उत्साहाचे शब्द शिकवणारा माणूसच असा बसलेला, मग पोरं पांगू लागली. असंच चाललं तर क्लासही जाणार होता आणि सरही.

म्हणून दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना गौतमपुऱ्याला हिंगोट बघायला नेलं. दोन गावचे लोक तिथे फटाक्यांची दारू भरलेली पेटती फळं एकमेकांवर फेकतात. मेलेला माणूसही उठून पळेल, असा माझा हिशेब. एक हिंगोट प्रेक्षकांपुढच्या जाळीवरून आलं, आमच्याभोवती फिरलं, जणू पत्ता विचारत होतं, आणि सरांच्या शालीच्या टोकावर बसलं. मी अशी उडी मारली की खाली आलो तेव्हा बाजूचे लोक बदलले होते. शाल पायाने विझवली आणि धापा टाकत विचारलं, “सर, आता?”

त्यांनी पोटावर हात ठेवला. नीट शोधलं.

“गरम लागलं,” ते म्हणाले. “बस.”

हिवाळ्यात मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. क्लासची पाटी मीच उतरवली. स्टेशनवर गाडी लागली होती, ती “बाबा, चला” म्हणत होती. मी सवयीने विचारलं, “आणि तुम्ही, सर?”

त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला. “तू बघ. मला लागत नाही.”

स्वेटरचं बटण लागलं. त्याखाली श्वास, वर-खाली.

“आहे, सर,” मी म्हटलं. “थोडं आहे.”

“कुठला शब्द?”

गोष्टींत दाढ पाडणारा, पोलीस थांबवणारा मी. मला एकही सुचला नाही.

“मग परत घे,” ते म्हणाले आणि डब्यात चढले.

हल्ली पुण्याहून त्यांचा फोन येतो. मी विचारतो, “आणि तुम्ही?” तेही विचारतात, “आणि तू?” मी इकडे पोटावर हात ठेवतो, ते तिकडे ठेवत असावेत. दोघंही शोधत राहतो. फाइन मात्र दोघांपैकी कुणीच म्हणत नाही.