बिनखांबाचं चर्च आणि पप्पांचा टेकू

आमच्या चर्चचं बांधकाम कधीच संपलं, किस्से मात्र अजून चालूच आहेत. चार म्हातारे एका कमिटीत बसवा आणि डोक्यावर स्लॅब टाका, बास! अध्यक्ष आमचे पप्पा. मी सिव्हिल डिप्लोमा अर्ध्यात सोडला, तेव्हापासून घरात मला सिमेंटवर बोलायची बंदी. आणि त्याच स्लॅबखाली लग्न करायचा हट्ट धरला माझ्या बहिणीनं, मार्थानं.

*

आधी भोरात भाड्याच्या पत्र्याच्या हॉलमध्ये मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, व्हायची. मग वरवे गावाकडं जागा मिळाली. पुण्याच्या आर्किटेक्ट बाईंनी नकाशा पसरला. पंख्याच्या आकाराचं चर्च, वेदीभोवती अर्धगोल बाकं, मधे एकही खांब नाही. "खांबामागं कुणी राहू नये, सगळ्यांना वेदी दिसावी."

पप्पा म्हणाले, "मॅडम, आमी जन्मभर खांबामागंच बसलोय. आमची काय तक्रार न्हाई!"

*

स्लॅबला खालून धरणारं सेंट्रिंग काढायची वेळ आली. एक सोडून सगळे टेकू निघाले. बरोबर मधल्या लोखंडी टेकूला पप्पांनी मिठीच मारली. "ह्यो ऱ्हाऊ द्या."

"काका, स्लॅबला त्याची गरज नाही," इंजिनिअर म्हणाला.

"स्लॅबला नसंल. मला हाय!"

टेकू छताला घट्ट बसावा म्हणून त्याच्या डोक्यावर लाकडी पाचर ठोकून झाली. उद्घाटनाला बिशप आले, वेदीला तेल लावलं, टेकूला वळसा घालून परत गेले. विचारायची हिंमत त्यांनाही झाली नाही.

*

दर रविवारी तो टेकू बघून सगळे भिंतीला चिकटून बसायचे. मधली बाकं कोरी करकरीत.

फादर वैतागले. "अरे, मधे या! देव इथं आहे."

मागून याकोबकाका म्हणाले, "व्हय फादर, पण दरवाजा हितं हाय!"

*

हेच याकोबकाका गुडघे दुखतात म्हणून प्रार्थनेला कधी गुडघे टेकत नाहीत. एकदा ऐन मिस्सेत पलीकडच्या खाणीत सुरुंग उडाला. सगळं चर्च बाहेर! पोरंबाळं, बाया, मीसुद्धा. धापा टाकत गेटवर पोचलो, तर काका आधीच तिथं उभे.

"लई उशीर केलास रं!"

*

मार्थाचं लग्न ठरलं. पप्पा म्हणाले, "लगीन भाईर, मंडपात."

मार्था भडकली. "पप्पा, देवाचं घर तुम्हीच बांधलंत, आणि आत जायला घाबरता?"

"बांधलं म्हणूनच घाबरतो!"

मी हसलो. पण खरं सांगू? छताच्या कोपऱ्यात ओलीचा एक डाग होता. त्या आठवड्यात मी तो रोज जाऊन बघत होतो. वाढला नव्हता. तरी बघत होतो.

शेवटी मार्था जिंकली. पण टेकू हलणार नाही, ही पप्पांची अट.

*

लग्नाच्या दिवशी पाहुणे बसले, मार्था दारात उभी. डेकोरेशनवाल्यानं टेकूला शेवटची रिबीन गुंडाळली आणि जरा जोरात ओढली. वरून पाचर खाली पडली. कधीची सुकून सैल झालेली! टेकू डुलला. टेकू आणि छत यांच्यात चार बोटं मोकळी जागा. सगळ्या चर्चला दिसली.

पप्पा धावले आणि दोन्ही हातांनी टेकू घट्ट धरला. सोडेचनात. शेवटी मार्थाला वेदीपर्यंत मीच नेलं. वाचनं झाली, वचनं झाली, अंगठ्या झाल्या. पप्पा चर्चच्या बरोबर मधे, नव्या कोटात, मान वर करून घामाघूम उभे.

मिस्सा संपली. फोटोग्राफर म्हणाला, "काका, सोडा आता. फॅमिली फोटो घेऊ."

"आदी पोरीला भाईर ने," पप्पा मला म्हणाले. "मग सोडतो."