चवड्यावरची चाल

आशालता पिंपळापुरे बालाघाटच्या कोर्टात तीस वर्षं वकिली करत होत्या आणि एवढ्या वर्षांत आपल्याला कुणी काही शिकवावं असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. आरोग्यविषयक कायद्यांवर वकिलांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा बार रूममध्ये पडद्यावर होणार, हे कळल्यावर त्यांनी नाक मुरडलं. गेल्या त्या प्रमाणपत्रासाठी. पहिला दिवस विम्याचे नाकारलेले दावे आणि फोनवरून होणारे उपचार यांत गेला. शेवटच्या रांगेत बसून बाईंनी डुलक्या काढल्या, दोनदा चहा घेतला आणि हजेरीची सही ठोकून घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी मात्र झोप उडाली. विषय होता कामामुळे जडणारे आजार. पडद्यावरच्या डॉक्टरबाईंनी एक व्हिडिओ लावला. वर्षानुवर्षं मँगनीजची धूळ श्वासात गेलेला माणूस. चेहरा कोरा, बोलणं अडखळतं, हात थरथरणारे, आणि टाच न टेकता चवड्यांवर चालणारा.

"अशा माणसाला लोक दारुडा समजतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुष्कळदा त्याचा वकीलसुद्धा."

आशालताताईंनी हातातला कप खाली ठेवला. ही चाल त्यांनी पाहिली होती. तीन वर्षांपूर्वी, स्वतःच्या ऑफिसात.

महागू जवळच्या भरवेलीत मँगनीजच्या खाणीत ड्रिल चालवायचा. काम सुटलं, तेव्हा काही नुकसानभरपाई मिळते का, हे विचारायला बायको मैनाबाई आणि मुलगा राजू त्याला घेऊन आले होते. दारातून चवड्यांवर चालत आत येतानाच तो तोल जाऊन मागे कोसळला. "हे थेंबभरबी घेत नाहीत जी," मैनाबाई परोपरीने सांगत होती. आशालताताईंनी ना कागद पाहिले, ना डॉक्टरकडे पाठवलं. "आधी याची दारू सोडवा, मग केसचं बघू," म्हणत तिघांना वाटेला लावलं. वर संध्याकाळी घरी तो किस्सा रंगवून सांगितला.

आता त्यांना खुर्चीत बसवेना. उठल्या, व्हरांड्यात गेल्या, परत आल्या, पुन्हा उठल्या. दाव्याची मुदत उलटून गेलेली. उशिराचं कारण काय लिहायचं, वकीलबाई मूर्ख होत्या म्हणून? स्वतःची अशी शरम त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

"काहून ताई, बरं नाही वाटून राह्यलं का?" शेजारच्या खेमराज वकिलांनी विचारलं. प्रमाणपत्रही न घेता त्यांनी स्कूटर काढली. भरवेलीपर्यंत रस्ताभर एकच घोर, महागू जिवंत तरी असेल का?

होता. अंगणात खाटेवर बसला होता. त्याने नमस्काराला हात उचलले, ते एकमेकांना जुळेनात. आशालताताईंनी मैनाबाईला सगळं सांगितलं. डॉक्टरची तपासणी, उशीर झाला तरी करता येणारा अर्ज, आणि आपण फी घेणार नाही हेही.

मैनाबाईने शांतपणे ऐकून घेतलं. "केसचं मागून पाहू, मॅडम. त्या दिवशी तुमच्या इथून निघाल्यावर राजू बापाले म्हणे, वकीलबाईलेबी समजलं, आता त लाज धर. नागपूरले गेला तो आलाच नाही. बापाशी बोलत नाही. माझं त्यानं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं. आता तुम्हीच सांगा त्याले."

तिने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"राजू, मी आशालता पिंपळापुरे. तुझ्या बाबांना नेमकं काय झालंय, ते डॉक्टर तपासून सांगतील. मी मात्र काहीच न तपासता त्यांना दारुडा ठरवलं. चूक माझी होती. तुझी आई खरं सांगत होती."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. राजू म्हणाला, "बाबाले द्या."

महागूने हात पुढे केला, पण थरथरत्या बोटांत फोन ठरेना. मग आशालताताई खाटेपाशी जमिनीवर बसल्या आणि त्यांनीच तो त्याच्या कानाशी धरला.