किसनरावांचे रिकामे चौकोन

बोरी अरबला आमच्या घराला लागून किसनराव गावंडे राहत. जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. सरकारी कागदावर त्या पदाला 'व्रणोपचारक' म्हणतात. ते स्वतः म्हणायचे, "ढोराईले पट्ट्या बांधणाऱ्याले एवढं लांब नाव कायले पाह्यजे?" निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, बायको गेली, मुलगा कपिल नागपूरला कंपनीत लागला. तरी कोणाच्या म्हशीचा पाय सुजला की लोक आधी त्यांच्याच ओट्यावर येत.

आत्ता रात्र आहे, घर झोपलं आहे. खुशी झोपली आहे की नुसती पडून आहे, हे मात्र मला सांगता येणार नाही. मघापासून उठून उठून पाहते आहे. म्हटलं, लिहून तरी काढावं.

खुशी माझी मुलगी. बी. एस्सी.चे विषय राहिले तेव्हापासून ती घरात होती आणि नसल्यासारखी होती. जेवायला हाक मारली तर यायची, विचारलं तर 'हो' म्हणायची. एका रविवारी किसनरावांना चहा द्यायला पाठवली ती दुपारी परतली, आणि आल्या आल्या म्हणाली, "आई, आपल्याकडे शब्दकोश आहे का गं?" इतकं लांब वाक्य मी तिच्या तोंडून कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

नागपूरच्या पेपराच्या रविवारच्या पुरवणीत एक गूढ शब्दकोडं येतं. साध्या कोड्यात अर्थ दिलेला असतो आणि शब्द ओळखायचा असतो. गूढ कोड्यातलं वाक्य मात्र मुद्दाम भलतीकडे नेतं. त्यात एका टोकाला अर्थ असतो आणि उरलेल्या भागात तो शब्द कसा जोडायचा त्याची खूण असते. किसनरावांना त्याचं वेड होतं. पुढच्या रविवारी चहा घेऊन मीही मागोमाग गेले, पोरगी तिथे करते तरी काय ते बघायला. ओट्यावर तांड्यावरचे देवसिंगभाऊ बसले होते. शेळी दाखवायला आले होते आणि शेळी बांधून तिथेच रमले होते.

"वाच, माय," किसनराव म्हणाले.

खुशीने वाचलं, "'का' विचारत थंडीचा महिना आला, घर पांढरं झालं. तीन अक्षरं." आणि लगेच म्हणाली, "कापूस!"

"बरोबर. काहून?"

"पांढरा असतो म्हणून."

"पांढरं तर मीठ बी असते. चुना बी असते. कापूसच काहून?"

देवसिंगभाऊंना राहवलं नाही. "अरे किसनभाऊ, पोरीनं बरोबर सांगतलं ना? लिहून टाक. हरवला बैल घरी आला, आता त्याले 'कोणत्या रस्त्यानं आला' असं कायले विचारून राह्यला?"

"विचारतो. पुन्हा हरवला तर?"

खुशी पेपराकडे बघत राहिली. मग एकदम सावरून बसली. "का... आणि थंडीचा महिना पूस! का अधिक पूस!" आमच्याकडे पौषाला पूसच म्हणतात.

"आता लिही," किसनराव म्हणाले.

हा त्यांचा नियम होता. उत्तर आलं तरी ते का आलं हे तोंडाने सांगता येईपर्यंत चौकोनात अक्षर घालायचं नाही. हे वळण त्यांना दवाखान्यात लागलं होतं. नवीन नोकरीत असताना लंगडणाऱ्या एका बैलाच्या पायाला त्यांनी जखम दिसली तिथे झकास पट्टी बांधून दिली, आणि काटा खुरात तसाच राहिला. "वरून पाय चांगला दिसे," ते सांगायचे, "न् आतून सडून राह्यला होता. तेव्हापासून 'काहून' कळल्याबिगर मी पट्टी बांधली नाही."

त्यामुळे त्यांचं कोडं कधीच पूर्ण भरलेलं नसे. एकदा 'आजोबा गप्प, आतून मात्र हिरवे, दोन अक्षरं' या वाक्याशी ते अडले. पुढच्या रविवारी पेपरात उत्तर छापून आलं, 'बाग'. तरी त्यांनी ते चौकोन रिकामेच ठेवले. दोन-तीन दिवसांनी भर जेवणातून उठून, वरणाचा हात तसाच घेऊन आमच्या दारात आले. "खुशी! आजोबाचा 'बा' न् गप्पचा 'ग'! शेजारी शेजारी उभे होते दोघं, न् मी त्याईच्या अर्थाच्या मागं धावून राह्यलो!" मग घरी जाऊन त्यांनी मागच्या आठवड्याच्या शिळ्या पेपरात ती दोन अक्षरं भरली. खुशी त्या दिवशी पोट धरून हसली. मी स्वयंपाकघरात उभी राहून नुसतं ते हसू ऐकत होते.

दिवाळी झाल्यावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. देवसिंगभाऊंनी गाडी करून यवतमाळला नेलं म्हणून जीव वाचला. परत आले तेव्हा उजवा हात मांडीवर पडलेला आणि वाचा गेलेली. घशातून आवाज निघे, शब्द होत नसे. डोळे मात्र तेच होते. निदान आम्हाला तसं वाटे.

कपिल रजा काढून आला. त्याला वाईट म्हणता येणार नाही. बापाला न्हाऊ घालायचा, भाजी बारीक करून भरवायचा. एक दिवस तो मला म्हणाला, "वहिनी, बाबांची बुद्धी शाबूत असेल ना, तर मी त्यांना इथून हलवत नाही. दिवसभराला बाई ठेवतो, तुम्ही आहातच शेजारी. पण त्यांना काही कळतच नसेल तर कसं सोडू इथं? रात्री गॅस चालू ठेवला, रस्त्यावर निघून गेले, तर?"

"त्यांना सगळं कळतं," खुशी म्हणाली.

"कळत असेल तर मलाच हवं आहे गं."

त्याने रविवारची पुरवणी आणून त्यांच्यासमोर पाटावर ठेवली आणि डाव्या हातात पेन दिलं. किसनरावांनी कोडं वाचलं. डोळे ओळीवरून फिरत होते, ते मला दिसत होतं. एका ठिकाणी थांबून त्यांनी आमच्याकडे पाहिलं, ओठ हलवले, घशातून खरखर आली. मग पेन खाली ठेवलं. दुपारपर्यंत एकही चौकोन भरला गेला नाही.

"पाहिलंत?" कपिल हळूच म्हणाला.

"दादा, त्यांना सांगता येत नाही म्हणून ते लिहीत नाहीत," खुशी म्हणाली. "का ते सांगितल्याशिवाय ते कधीच लिहीत नव्हते. तुम्ही इथं नव्हता म्हणून तुम्हाला माहीत नाही. थांबा." धावत जाऊन तिने फडताळातले जुने पेपर आणले. "हे बघा, बरे होते तेव्हाही चौकोन रिकामे आहेत."

कपिलने एकेक पेपर उलगडला. मग डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे केव्हापासूनच विसरायला लागले होते. आणि मी फोनवर नुसतं 'जेवले का' विचारत होतो."

खुशीचं तोंड उतरलं. तिने ते पेपर स्वतःच्या हाताने आणले होते.

मग ती किसनरावांजवळ खाली बसली. पुरवणीतलं एक वाक्य तिने मोठ्याने वाचलं, "नदी उलटी वाहिली आणि गाव गरीब झालं. दोन अक्षरं. आबाजी, मी सांगते, तुम्ही ऐका. नदी हा शब्द शेवटाकडून वाचायचा. आधी 'दी', मग 'न'. आणि दीन म्हणजे गरीब. असंच ना?"

किसनरावांनी तिचं मनगट दाबलं. डाव्या हातात पेन घेतलं आणि लहान मूल लिहितं तशा वेड्यावाकड्या अक्षरांत दोन चौकोन भरले. मग कपिलकडे पाहिलं.

"खुशी," कपिल म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, "तूच तर उत्तर सांगितलंस."

"मी फक्त का ते सांगितलं."

"त्यात उत्तर आलंच ना? हात धरून गिरवलं तर कोणीही लिहील." माझ्याकडे वळून तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच सांगा, यावरून काय समजायचं?"

तिने कारण सांगितलं नाही तर ते लिहिणार नव्हते, आणि सांगितलं तर त्या लिहिण्याला किंमत उरत नव्हती. मला खात्री होती, पण ती कपिलच्या हातात काढून देण्यासारखी नव्हती. मी म्हटलं, "डॉक्टरांना पुन्हा दाखव." त्याने दाखवलं. ते म्हणाले, वाचा नाही तोवर नक्की सांगता येत नाही, एकटं ठेवू नका. तेही खोटं नव्हतं.

पौषात कपिल त्यांना नागपूरला घेऊन गेला. देवसिंगभाऊ गाडीपर्यंत आले. नेहमीची थट्टा करायला गेले, "जा भाऊ, लिफ्टमंदी बसून ये," आणि वळून पिशवी गाडीत ठेवू लागले.

गेल्या आठवड्यात मी आणि खुशी त्यांना भेटायला गेलो. आठव्या मजल्यावरचं घर स्वच्छ होतं. सून प्रेमाने करते, व्यायाम करवून घ्यायला एक मुलगा येतो, आणि ते काठीच्या आधाराने चालू लागले आहेत. टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसवलेले होते. खुशीला बघून त्यांचा डावा हात वर आला. तिने पिशवीतून पुरवणी काढली. सून हसून म्हणाली, "नको गं, त्यांच्या डोक्याला ताण होतो." खुशीने ती परत पिशवीत ठेवली.

निघालो तेव्हा ते उठले. दाराशी जाऊन त्यांनी चपला पायात घातल्या, एकट्याने, बराच वेळ लावून. सून कौतुकाने बघत होती. कपिल आम्हाला सोडायला निघाला, तर तेही लिफ्टमधून आमच्याबरोबर खाली आले. आम्हाला वाटलं, पोचवायला येताहेत. कपिलने ऑटो थांबवला. आम्ही काही बोलायच्या आत ते काठी आत टाकून, वाकून, सीटवर सरकून बसले आणि समोर बघू लागले.

ऑटोवाला म्हणाला, "काकाजी बी बस स्टँडवर काय?"

कपिलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, उतरा. आपण वर जाऊ."

ते हट्ट करतील, रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. कपिलकडे पाहिलं, खुशीकडे पाहिलं आणि उतरले. कपिलने त्यांना धरून आत नेलं. ऑटो निघाला तेव्हा लिफ्टचं दार बंद होत होतं.

बसमध्ये खुशी खिडकीशी बसली. कळंब गेलं. यवतमाळच्या स्टँडवर मी विचारलं, "काही खातेस?"

ती म्हणाली, "हो."

मी भजी आणली. ती तशीच कागदात राहिली.