जुलाबापर्यंतचं भाषण

आमचे आजोबा एक्याण्णव वर्षं जगले. त्यातली शेवटची तीस वर्षं डोंबिवलीत, मानपाडा रोडवरच्या आमच्या सोसायटीत, त्यांनी युद्धवीर म्हणून काढली. ही नेमणूक त्यांनी मागितली नव्हती. फौजेत ते ट्रक चालवायचे. पासष्टच्या लढाईत त्यांनी पुढच्या चौक्यांवर कणीक, डाळ आणि रॉकेल पोचवलं. पण कणीक पोचवणाऱ्याला झेंडावंदनाचा प्रमुख पाहुणा करायचं म्हणजे बाजूच्या सोसायटीपुढे नाक कापलं जाणार, म्हणून कमिटीने त्यांना परस्पर बढती दिली.

ते डाव्या पायाने लंगडायचे. तो कल्याणला पिठाच्या गिरणीच्या पायरीवरून घसरून मोडला होता. हातातला गव्हाचा डबा मात्र त्यांनी सांडू दिला नाही, याचं आजीला मरेपर्यंत कौतुक. सोसायटीत कोणीतरी ठरवून टाकलं की पायात गोळी आहे. आजोबा भेटेल त्याला गिरणीचं सांगायचे. ऐकणारा हात जोडायचा आणि खाली जाऊन सांगायचा, "काय साधा माणूस आहे यार, त्या गोळीबद्दल बोलतपण नाही." नाही नाही म्हणत इतका मोठा झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

दर पंधरा ऑगस्टला शाल, नारळ आणि माइक. आजोबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहायचे आणि दरवर्षी तेच सांगायला लागायचे. "त्या दिवशी ताफ्यातली पहिली गाडी माझी होती. पण मला सकाळपासून जुलाब लागले होते." इथे सेक्रेटरी पुढे होऊन माइक काढून घ्यायचे. टाळ्या, घोषणा, सामोसे. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, आणि देशभक्तीत जुलाब बसत नाहीत हे त्यांचं ठाम मत होतं. एकदा त्यांनी आजोबांना प्रेमाने समजावलं, "आजोबा, ते पोटाचं स्किप करा ना. डायरेक्ट फायरिंगवर या."

"पोटामुळेच तर वाचलो," आजोबा म्हणाले.

घरात आम्ही काही फार वेगळे नव्हतो. आजोबांना ही गोष्ट नेमकी जेवताना आठवायची आणि आई म्हणायची, "बाबा, पानावर नको." ते भात कालवायला लागायचे. मला आजोबा फार आवडायचे, आणि पंधरा ऑगस्टला त्यांची तितकीच लाज वाटायची. मैत्रिणींचे आजोबा निदान गप्प तरी बसत.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं, जेवणंही झाली होती, त्यामुळे पहिल्यांदाच गोष्ट जुलाबांच्या पुढे गेली. त्यांना बसवेना, म्हणून त्यांची पहिली गाडी मागच्या गाडीवरच्या पोराने घेतली. तेवीस वर्षांचा होता. अर्ध्या तासाने पहिल्या गाडीवर तोफेचा गोळा पडला. आजोबांनी त्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, घरी कोण कोण होतं तेही सांगितलं.

"मला बोलू देत नाहीत," ते म्हणाले. "यंदा तू बोल. माझं काही सांगू नकोस. त्याचं नाव तेवढं माइकवर घे. एकदा चारचौघांत घेतलं गेलं की झालं."

"हो आजोबा, घेते," मी म्हणाले. हातात मोबाइल होता. ऑफिसच्या ग्रुपवर सुट्ट्यांवरून काहीतरी पेटलं होतं.

जुलैत आजोबा गेले. कमिटीने झेंडावंदन आणि श्रद्धांजली एकत्र उरकायचं ठरवलं. गेटवर फ्लेक्स लागला. आजोबांच्या मागे रणगाडा, वर लढाऊ विमान आणि खाली निवडणुकीला उभं राहू पाहणारे सहा हसरे चेहरे. ट्रक कुठेच नव्हता.

सेक्रेटरींनी माइक माझ्या हातात दिला. पोटापासून सगळं सांगायचं असं मी ठरवून आले होते. समोर बायका डोळ्यांना पदर लावून तयार होत्या. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आजोबांच्या पायातली ती गोळी शेवटपर्यंत तिथेच होती."

पुढचं आपोआप सुचत गेलं. कोणी माइक काढून घेतला नाही. आमच्या घरातलं भाषण तीस वर्षांत पहिल्यांदा शेवटापर्यंत गेलं, टाळ्या थांबेनात, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. सेक्रेटरी म्हणाले, "आजोबांना जमलं नाही ते तू केलंस."

सामोसे वाटले जात असताना पहिल्या मजल्यावरच्या काकू माझ्याजवळ आल्या. त्यांचे गुडघे गेलेत, सहसा त्या खाली उतरत नाहीत.

"अगं, त्या पोराचं काही बोलली नाहीस," त्या म्हणाल्या. "मी जूनमध्ये भेटायला आले होते तेव्हा आजोबा म्हणाले होते, यंदा नात नाव घेणार आहे. म्हणून तर उतरले. काय होतं गं त्याचं नाव?"

मी आठवू लागले. ती दुपार आठवली, खोलीतला औषधांचा वास आठवला, ग्रुपवर कोण कोणाला काय म्हणालं तेसुद्धा आठवलं.

"थांबा काकू, विचारून सांगते," मी म्हणाले, आणि आजोबांना विचारायला जिन्याकडे वळलेसुद्धा.