बाळाजी तेंडोलकरचे गज

बाळाजी तेंडोलकरने बसवलेली वस्तू पुन्हा निघत नाही, असं बहारीनमधली कोकणातली मंडळी म्हणत, आणि ते कौतुकानेच म्हणत. दुसरे वेल्डर खिडकीला गज लावताना वर-खाली दोन टाके मारायचे, रंगाचा हात फिरवायचे आणि यल्ला, म्हणजे चला, म्हणून मोकळे व्हायचे. बाळाजीला ते जमत नसे. प्रत्येक गजाच्या मुळाशी तो चहूबाजूंनी सांधा ओढायचा. कुडाळकडच्या गावातून सत्तरच्या दशकात तो इथे आला, एका पत्र्याच्या शेडमधल्या वर्कशॉपमध्ये लागला आणि काही वर्षांत माहूज नावाच्या वस्तीतल्या जुन्या घरांना जिथे जिथे गज होते, तिथे निम्मेशिम्मे त्याच्या हातचे होते. मालक खूश, भाडेकरू खूश. बाळाजीही खूश असावा, पण तो मुळात बोलायचा कमी.

आता खिडक्यांना एवढे गज कशाला, हे कळायला आखातातली बॅग माहीत हवी. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा आखातातल्या माणसाचा बॅगेत असतो. सुट्टी दोन-दोन वर्षांनी मिळते, आणि पहिल्या महिन्यापासून माणूस बॅग भरायला घेतो. आज पावडरचा डबा, पुढच्या पगाराला जपानी साडी, मग टॉर्च, अत्तर, मेव्हण्यासाठी घड्याळ. बॅग खाटेखाली असते. माणूस कामावरून आला की आधी तिच्यावर हात फिरवतो, मग तोंड धुतो. हसू येतं खरं, पण गावी जाताना त्या बॅगेवरच माणसाची किंमत व्हायची, त्याला तो बिचारा काय करणार?

बाळाजीचा धाकटा भाऊ तुकाराम एका बेकरीची गाडी चालवायचा. त्याला व्हिसा काढून बाळाजीनेच आणलं होतं. बाळाजी वर्कशॉपच्या क्वार्टरमध्ये राही आणि तुकाराम माहूजला गावच्याच मंडळींबरोबर एका खोलीत. एका शुक्रवारी सगळे भजनाला गेलेले असताना त्या खोलीच्या खिडकीतून तीन बॅगा चोरीला गेल्या. तुकारामची वाचली, कारण ती भरून एवढी जड झाली होती की चोरालाही उचलेना. संध्याकाळी सगळे बाळाजीकडे आले. पुढच्या शुक्रवारी बाळाजीने खिडकीला गज बसवले, आणि भावाची खोली म्हणून नेहमीपेक्षा जवळजवळ बसवले. तुकारामने गज धरून हलवून पाहिले.

"दादा, आता हेच्यातसून उंदीरसुद्धा जावचो नाय," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

त्या हिवाळ्यात खोलीला आग लागली. स्टोव्ह दाराबाहेरच्या बोळात असायचा, भडका तिथेच उडाला आणि दाराची वाट बंद झाली. दुपार होती, बाकीचे कामावर होते. तुकाराम रात्रीची फेरी करून आला होता आणि झोपला होता. तो जागा झाला, खिडकीशी आला, हे गल्लीतल्या लोकांनी पाहिलं. बंबही वेळेवर आला. बंबवाल्यांनी पहार घातली. गज निघाले नाहीत.

तुकारामची क्रिया बहारीनमध्येच झाली. बाळाजीने अग्नी दिला, चार माणसांना चहा विचारला आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेला. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर कसला? त्याला काही वाटतच नव्हतं. वेल्डिंगची ठिणगी मनगटावर पडून कातडी जळली तरी वास आल्यावर त्याला कळायचं. जेवण पुढे आलं की जेवायचा, दिवा मालवला की आडवा व्हायचा. तुकारामची बॅग मात्र वाचली होती. वरून काळवंडली होती, आतलं सगळं शाबूत असणार. ती गावी पोचवायला हवी होती, आणि रीतीने ती थोरल्या भावाने न्यायची. बाळाजीने रजाच मागितली नाही. त्याच खोलीतला विठ्ठल सुट्टीवर निघाला होता, त्याच्याकडे बॅग दिली.

विठ्ठल परत आला तो कॅसेट घेऊन. तेव्हा घराघरांतून अशा कॅसेट यायच्या. ज्यांना लिहिता येत नसे ते टेपरेकॉर्डरपुढे बसून बोलायचे, आणि मागे कोंबडी, पोर, रहाट सगळं ऐकू यायचं. या कॅसेटवर आधी बाळाजीची आई गंगूबाई रडली. मग शांत झालं. मग एक आवाज आला तो बाळाजीला ओळखूच आला नाही, कारण त्याने तो नीट कधी ऐकला नव्हता. तुकारामची बायको मथुरा थोरल्या दिरापुढे कधी उभी राहिली नव्हती. काही सांगायचं झालं तर सासूच्या तोंडून सांगायची. त्यांच्या घरची रीतच तशी.

"भावोजीनू, मी मथुरा बोलतंय. बॅग पोचली. माका एकच इचारूचा आसा. त्या खोलयेक खिडकी होती काय?"

पुढे नुसती खरखर होती. बाळाजीने कॅसेट काढून हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवली. तिला काय सांगायचं, हे त्याला कळेना. बाकी जग त्याच्यासाठी मुकं झालं होतं, तो एक प्रश्न तेवढा जागा राहिला. खिडकी नव्हती म्हणावं तर बिनखिडकीच्या खोलीत भावाला ठेवला असं होतं. होती म्हणावं, तर ती पुढचं विचारणार.

त्याच सुमारास बलदियाने, म्हणजे नगरपालिकेने, आगीची चौकशी लावली. शहराच्या सुरक्षेवर नजर ठेवायला तिची एक समिती होती. सभासद निवडून आलेले नव्हते, नेमलेले होते, बहुतेक जुने व्यापारी. बंब कुठे असावेत, पाण्याचे नळ कुठे, गल्ली किती रुंद, दिवे लागतात की नाही, हे सगळं त्यांच्यापुढे यायचं. अग्निशमन दल काही त्यांच्या हाताखालचं नव्हतं, पण आग विझल्यावर अधिकाऱ्याने समितीपुढे येऊन उत्तर द्यायचं, असा शिरस्ता होता. आधी कॉफी, मग खुशाली, मग पुन्हा कॉफी आणि त्यानंतर आग. चौकशा अशाच चालतात, आपल्याकडे फक्त कॉफीऐवजी चहा असतो.

मयताचा भाऊ म्हणून बाळाजीला बोलावणं आलं. बलदियात चंद्रशेखर नावाचे पुण्याचे इंजिनियर होते. त्यांनी त्याला दाराशी गाठलं. माणूस सज्जन, त्यांना सगळा प्रकार विठ्ठलकडून कळला होता.

"तेंडोलकर, विचारतील तेवढंच सांगा," ते म्हणाले. "गज कुणी बसवले हे आत कुणाला माहीत नाही."

आत अग्निशमन अधिकाऱ्याला प्रश्न विचारले जात होते, आणि चंद्रशेखर बाळाजीला हळूच मराठीत सांगत होते. बंब उशिरा आला का? नाही. पाणी कमी पडलं? नाही. मग माणूस खिडकीशी उभा असताना का मेला? अधिकारी म्हणाला, आमची पहार वाकली. असले गज आम्ही सहसा एका झटक्यात उपटतो, पण हे काम फार चांगलं होतं. सांगता सांगता चंद्रशेखरांचा आवाज बारीक झाला.

समितीचे अध्यक्ष अहमद साहेब वयस्कर होते. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला राहिले असल्याने हिंदी बोलायचे. त्यांनी घरमालकाला विचारलं, गज तू लावलेस? मालक म्हणाला, मी नाही, भाडेकरूंनी लावून घेतले. कोणाकडून? त्याला ठाऊक नव्हतं. अहमद साहेबांनी सहज बाळाजीकडे पाहिलं.

"मैंने बनाया, साहब," बाळाजी म्हणाला. "मरनेवाला मेरा भाई था."

हे त्याने वेळ सांगावी तसं सांगितलं. चंद्रशेखरांनी मान खाली घातली. आता नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही, असं बाळाजीच्या मनात आलं आणि त्याचंही त्याला काही वाटलं नाही. अहमद साहेबांनी कॉफीचा पेला बाजूला सरकवला.

"मेरे घर में भी ऐसी ही जाली है," ते म्हणाले. "पहले वो काटना."

समितीने ठराव केला. जिथे माणसं भाड्याने एकत्र राहतात, त्या प्रत्येक खोलीत एका खिडकीची गजांची जाळी बिजागरीवर असावी, कडी आतून असावी आणि तिला कुलूप नसावं. मालकांना नोटिसा गेल्या. नुसत्या नोटिसांनी काही होत नाही हे सभासदही जाणून होते, म्हणून बलदियाचा एक माणूस, चंद्रशेखर आणि बाळाजी अशी तिघांची फेरी माहूजमधून सुरू झाली. पहिली जाळी अहमद साहेबांच्या घरची कापली.

स्वतःचंच काम कापायला बाळाजीला सर्वांत जास्त वेळ लागायचा. दुसऱ्यांचे गज गॅसकटर लावला की सुटायचे. त्याचे सुटता सुटत नसत. जाळी काढून बिजागरी बसवली की तो एक विचित्र प्रकार करायचा. खोलीतल्या खाटेवर आडवा व्हायचा, डोळे घट्ट मिटायचा, तसाच उठून चाचपडत खिडकीशी जायचा, कडी काढायचा आणि चाळिशी उलटलेला तो माणूस खिडकीतून बाहेर उतरायचा. बलदियाचा माणूस पहिल्यांदा हसला. चंद्रशेखरांनी त्याला काहीतरी सांगितलं, त्यानंतर तो बाहेर उभा राहून बाळाजीला हात द्यायला लागला.

एका खोलीत मंडळी अडून बसली. सुट्टी जवळ आलेली, बॅगा भरलेल्या. जाळी आतून उघडते म्हटलं की बाहेरूनही उघडेल, मग बॅगांना जबाबदार कोण, तुमची समिती? चंद्रशेखरांनी नियम समजावला, दंड सांगितला, पालथ्या घड्यावर पाणी. लोकांचंही खोटं नव्हतं. तेव्हा बाळाजीने हत्यारं खाली ठेवली आणि आपल्या भावाचं नाव सांगितलं, त्याची बॅग जशीच्या तशी गावी पोचली हेही सांगितलं. आणखी काही सांगायची वेळ आली नाही. त्यांनी स्वतःच बॅगा खिडकीखालून बाजूला केल्या.

त्या संध्याकाळी बाळाजी हत्यारांची पेटी आवरत होता तेव्हा कॅसेट हाताला लागली. अनोळखी माणसांना जे सांगता आलं ते मथुरेला अजून सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. कित्येक महिन्यांत त्याला वाटलेली ती पहिली गोष्ट.

पुढच्या शुक्रवारी त्याने विठ्ठलचा टेपरेकॉर्डर मागून आणला. बटण दाबून आधी इथे सगळं बरं आहे, थंडी कमी झाली, असलं काहीबाही बोलला. मग थांबला. टेप फिरत राहिली.

"मथुरा, खिडकी होती," तो म्हणाला. "तेका गज होते. ते गज मीच बसवलंय. बॅगांसाठी."

कॅसेट एका गाववाल्याबरोबर गेली. उन्हाळा आला, फेरी शहराबाहेर बुदैयाकडच्या मळ्यांतल्या खोल्यांपर्यंत पोचली, बाळाजी गज कापत राहिला आणि वाट पाहत राहिला. शिव्या येतील असं तो धरून होता. त्या आल्या असत्या तर त्याने त्या शांतपणे ऐकल्या असत्या. उत्तर आलं ते विठ्ठलने वर्कशॉपमध्ये आणून दिलं आणि तिथेच लावलं. या खेपेला गंगूबाई बोललीच नाही. मथुराच होती, आणि तिचा आवाज स्वच्छ होता.

"भावोजीनू, आयकलंय. तेंची बॅग मी अजून उघडूक नाय. कुलूप घट आसा, चावी तेंच्याच गळ्यात होती. गावात फोडणारे खूप आसत, पण मी कोणाक दिवक नाय. तुमी येवा. तुमच्याच हातान फोडा."

बाळाजी बाकावर बसला. त्याने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि मग तो रडायला लागला, गड्यांसमोर, मालकासमोर, मोठ्याने. मनगटावरचे डाग त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दुखले. विठ्ठलने टेप बंद केली आणि शेडचं दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा मागितली. जाताना त्याने बॅग भरली नाही. एका पिशवीत दोन शर्ट घेतले आणि त्यांत गुंडाळून एक छिनी आणि हातोडी.